खळीनं चिकटवलेलं पान

मुकादमानं कार्डाची बातमी सांगितली तेव्हा मी नुकताच पाण्यातून वर येऊन कमरेचा शिशाचा पट्टा सोडत होतो.

"पुढच्या महिन्यापासून कार्ड नसेल त्याला पाण्यात पाय घालता येणार नाही," तो म्हणाला. "कोर्स करायचा, लेखी परीक्षा द्यायची, पास झालात तर कार्ड. वरून हुकूम आलाय."

"एकेचाळीस वर्षं खाली जातोय मी," मी म्हटलं. "माझी परीक्षा कोण घेणार? मासे?"

होडीतले सगळे हसले. मुकादम हसला नाही. "कार्ड आणलंस तर नवीन दोघांना तूच शिकवायचंस. नाही आणलंस तर घरी बस."

आमचं काम असं. विजेच्या कारखान्याला यंत्रं थंड ठेवायला समुद्राचं पाणी लागतं. ते जिथून आत ओढलं जातं तिथं अकरा मीटर खाली लोखंडी जाळ्या आहेत आणि जाळ्यांवर शिंपले धरतात. ते खरवडायचे. पाठीवर सिलिंडर वगैरे काही नाही. होडीत कॉम्प्रेसर, त्याला लांब नळी, नळीचं टोक दातात. कमरेला दोरी, तिचं दुसरं टोक वरच्या माणसाच्या हातात. तीन हिसके दिले की त्यानं ओढायचं.

आणि एक नियम. तो मला माझ्या वस्तादानं सांगितला, मी पुढच्यांना सांगितला. वरचं इंजीन बंद पडलं तर नळीत एखादाच श्वास उरतो. तो पूर्ण ओढून घ्यायचा, तोंड गच्च मिटायचं आणि वर पोचेपर्यंत एक बुडबुडासुद्धा सोडायचा नाही. "हवा म्हणजे जीव," मी सांगायचो, "आणि जीव काय आपण होऊन सोडतात का?"

माझ्या जावयालाही हे मीच शिकवलं होतं. तो गेला त्याला अकरा वर्षं झाली.

कोर्सचा वर्ग एका पोहण्याच्या तलावाच्या वरच्या खोलीत भरायचा. खोलीला क्लोरिनचा वास, खुर्च्या ओल्या, भिंतीवर रंगीत माशांची चित्रं. शिकवणारी मुलगी माझी नात शोभेल अशा वयाची. तिला सगळे मॅडम म्हणायचे, म्हणून मीही म्हणायला लागलो. माझ्याबरोबर बँकेतलं एक जोडपं होतं, त्यांना सुट्टीत प्रवाळ बघायचं होतं. आणि एक दातांचे डॉक्टर होते, त्यांना बहुतेक बायकोपासून लांब कुठंतरी जायचं होतं.

"आजोबा, दात असे कशानं झाले? शिंपले खरवडून?" पहिल्याच दिवशी डॉक्टरांनी विचारलं.

"नाही, तुमच्यासारख्यांनी खरवडून."

मॅडम हसल्या. मग त्यांनी मला हळूच बाजूला घेऊन विचारलं, "आजोबा, वाचता येतं ना? नाहीतर परीक्षा तोंडी घेता येईल. लाजू नका."

"येतं," मी म्हटलं. "सावकाश येतं, पण येतं."

वाचायला मला माझ्या मुलीनं शिकवलं, मी चोपन्न वर्षांचा असताना. ती घरीच इस्त्रीचं काम करते, दवाखान्यातल्या डॉक्टरांचे डगले. खळ घालायची, वाळवायचे, कडक इस्त्री करायची. नवरा गेल्यावर ती माझ्याकडे परत आली आणि चार वर्षं आम्ही दोघं एका घरात जवळजवळ न बोलता राहिलो. मग एक दिवस तिनं डगल्याच्या गळ्यातली चिठ्ठी माझ्यापुढे धरली आणि म्हणाली, "बाबा, हे काय आहे ते ओळखा." मी आयुष्यात वाचलेलं पहिलं वाक्य 'गरम पाण्यात धुऊ नये' हे आहे. त्यानंतर आम्ही बोलायला लागलो.

पुस्तक जाड होतं, पण भाषा सोपी. रोज सकाळी कामाला लागायच्या आधी ती धड्याच्या शेवटचे प्रश्न मला विचारायची. एका हातात इस्त्री, दुसऱ्या हातात पुस्तक. बरोबर आलं की डगला उलटायची, चुकलं की "बाबा, झोपलात का?" म्हणायची. खूप दिवसांनी तिच्या आवाजात जरा खेळकरपणा आला होता. माझ्याहून तिलाच पास व्हायचंय असं वाटायचं.

तिसऱ्या आठवड्यात मॅडम आम्हाला तलावाच्या खोल टोकाला घेऊन गेल्या. चार मीटर. तळाशी आम्ही गुडघ्यांवर बसलो. त्यांनी खिशातून एक लाल फुगा काढला, तोंडातल्या नळीची हवा त्यात भरली, टम्म होईपर्यंत, गाठ मारली आणि सोडून दिला. फुगा वर निघाला. आम्ही माना वर केल्या. तो जसजसा वर जात होता तसतसा मोठा होत होता. कोणी त्यात हवा भरत नव्हतं. आपोआप मोठा होत होता. पाण्याचा पृष्ठभाग हातभर उरला असेल तेव्हा तो फुटला, आणि त्याची लाल चिंधी फिरत फिरत खाली येऊन माझ्या मांडीवर पडली.

वर आल्यावर त्या म्हणाल्या, "ही तुमची फुप्फुसं. खाली दाबाखाली भरलेली हवा वर येताना पसरते. तोंड उघडं असेल तर निघून जाते. मिटलेलं असेल तर?" डॉक्टर म्हणाले, "फाटतात." मॅडम म्हणाल्या, "म्हणून या सगळ्या पुस्तकात एकच नियम कधीही मोडायचा नाही. वर येताना श्वास कधीही धरून ठेवायचा नाही."

मी ती चिंधी हातात धरून कडेला बसून राहिलो. नंतर त्या म्हणाल्या, "आता आजोबा. हवा नाही असं समजायचं, तोंडानं आ आ करत, बुडबुडे सोडत वर यायचं." मी खाली गेलो आणि निघालो. माझं तोंड उघडेना. मी उघडायचं म्हणत होतो आणि जबडा मिटत होता. त्यांनी माझ्या छातीवर हात ठेवून मला जागीच थांबवलं. परत केलं. परत तसंच. चौथ्या वेळी कुठं माझ्या घशातून आवाज निघाला, आणि तो मला कसा ऐकू आला ते मी इथं लिहीत नाही.

"इतकी वर्षं असेच वर येत होतात?" त्यांनी विचारलं.

"हो."

"नशीबवान आहात."

"नसेनही," मी म्हटलं. "बिडीनं छाती अर्धी झालीय. पूर्ण भरतच नसेल."

जावयाची छाती पूर्ण भरायची. सव्वीस वर्षांचा होता. त्या दिवशी तो खाली होता, मी दोरीवर, आणि कॉम्प्रेसरवर भोंगा. भोंगा म्हणजे आमचा इंजीनवाला, माझा वीस वर्षांचा दोस्त. त्याचा आवाज असा की इंजीन चालू असताना इंजिनाच्या वरून शिव्या द्यायचा. तो डबा आणायला होडीच्या मागच्या टोकाला गेला आणि तेवढ्यात इंजिनाचा पट्टा तुटला. एकदम सगळं गप्प झालं. दोरीला तीन हिसके आले. मी ओढलं. जीव खाऊन ओढलं.

जावई वर आला तेव्हा शुद्धीत होता. गाल फुगलेले, ओठ घट्ट मिटलेले, डोळे माझ्यावर. होडीची कड हाताला लागल्यावर त्यानं श्वास सोडला आणि म्हणाला, "सोडला नाही, मामा."

मी म्हणालो, "शाब्बास."

मग त्याच्या तोंडातून गुलाबी फेस आला. किनाऱ्याला पोचायच्या आधी संपलं. दवाखान्याच्या कागदावर 'पाण्यातील अपघात' एवढंच लिहिलं. त्याच्या पोटात पाणी नव्हतं हे मी डोळ्यांनी बघितलं होतं, पण मी विचार केला नाही. विचार करावा लागलाच नाही, कारण भोंगा होता. इंजीन सोडून डबा आणायला गेला होता ना! मी सगळ्यांना तेच सांगितलं. मुलीला तेच सांगितलं. जावयाला शेवटचा निरोप देऊन परतताना ती चार लोकांसमोर भोंग्याच्या तोंडावर थुंकली. "माझा नवरा खाल्लास, आता तो डबा खा," असं म्हणाली. मी बाजूला उभा होतो. भोंग्यानं तोंड पुसलं नाही. दुसऱ्या दिवसापासून तो कामावर आला नाही, कोणी बोलावलंही नाही. गावाच्या दुसऱ्या टोकाला पंप दुरुस्तीचं दुकान टाकलं, असं कळलं. बोलणंच सोडलंय म्हणे, असंही कळलं.

तलावावरून घरी आलो तेव्हा मुलगी बाजारात गेली होती. स्टोव्हवर खळीचं पातेलं होतं, अजून कोमट. मी पुस्तकाचं बेचाळिसावं पान उघडलं. त्यावर तो नियम ठळक अक्षरात. समोरच्या त्रेचाळिसाव्यावर फुग्याचं चित्र आणि धड्याचे प्रश्न. मी ही दोन्ही पानं बोटानं खळ लावून एकमेकांना चिकटवली आणि वर पाटा ठेवला.

माझ्या पापाची मला लाज वाटत होती, हे खरं. पण त्याहून दुसरी एक गोष्ट होती. लग्नानंतर जावई घरी सराव करायचा. परातीत पाणी घ्यायचा, तोंड बुडवायचा आणि श्वास धरून राहायचा. मुलगी शेजारी बसून घड्याळात बघून सेकंद मोजायची. आकडा वाढला की टाळ्या वाजवायची आणि संध्याकाळी मला सांगायची, "बाबा, आज तुमच्या जावयानं दहा सेकंद वाढवले हो!" ते पान तिनं वाचलं तर तिला माझं तर कळेलच, पण त्या टाळ्याही आठवतील. मला कार्ड हवं होतं, काम हवं होतं. पण तिनं ते पान वाचू नये हे मला त्याहून जास्त हवं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रश्न विचारताना तिचा अंगठा थांबला. "बाबा, हे इथं कडक का लागतंय?"

"पाणी पडलं तलावावर. वाळल्यावर चिकटलं."

तिनं पानाची कड नखानं चाचपली. "या धड्याचे प्रश्न?"

"वर्गात झाले ते. पुढचा धडा घे."

ती पुढच्या धड्यावर गेली. मला हायसं वाटलं. सबंध गल्लीत बोटानं खळ ओळखणारं एकच माणूस, आणि त्याच्यापासून लपवायला मी खळ वापरली होती! हे मला त्या वेळी सुचलंसुद्धा नाही.

परीक्षेच्या दिवशी तिनं माझा सदरा इस्त्री करून ठेवला होता. पुस्तक सदऱ्यावर. चहा देताना म्हणाली, "शांतपणे वाचा. घाई करू नका." डोळे सुजल्यासारखे दिसले. मी म्हटलं, "काय झालं?" म्हणाली, "वाफ लागली."

वर्गात बँकेची बाई नवऱ्याला पाठ केलेलं म्हणून दाखवत होती. डॉक्टर म्हणाले, "आजोबा, माझ्या शेजारी बसा, मी थोडा तिरका बसतो." मी म्हटलं, "तुमचं बघून लिहिलं तर माझे उरलेले दातही जातील." आणि शेवटचं एकदा चाळावं म्हणून पुस्तक उघडलं.

ते बेचाळिसाव्या पानावर उघडलं.

दोन्ही पानं सुटी होती. ओलं फडकं ठेवून, वरून गरम इस्त्री फिरवून, वाफेनं एकमेकांपासून सोडवलेली. कुठं फाटलं नव्हतं, एक अक्षर निघालं नव्हतं. आणि सुटल्यावर पुन्हा कोरडी इस्त्री केलेली. सगळ्या पुस्तकात तीच दोन पानं सपाट, गुळगुळीत, डगल्याच्या कॉलरसारखी. नियमाच्या ओळीशेजारी पेन्सिलीनं बारीक खूण होती. मी बरोबर उत्तर दिलं की ती करते तशी. मी तर त्याचं उत्तर तिला कधी दिलंच नव्हतं.

मॅडमनी प्रश्नपत्रिका वाटल्या. पन्नास प्रश्न, प्रत्येकाला चार उत्तरं, बरोबर असेल त्याला गोल करायचा. मी बोट ठेवून एकेक ओळ वाचत गेलो. चौदावा प्रश्न तोच होता. 'अचानक हवा बंद झाल्यास वर येताना काय करावे?' पहिलं उत्तर: 'श्वास धरून ठेवावा.' मी एकेचाळीस वर्षं हेच उत्तर देत आलो होतो, आणि एका माणसानं ते माझ्याकडून तोंडपाठ केलं होतं. पेन खूप वेळ कागदाच्या वर राहिलं. मग मी तिसऱ्या उत्तराला गोल केला. इतक्या जोरात, की मागचा कागदही फाटला.

मॅडमनी तिथंच तपासलं. शेहेचाळीस बरोबर. "आजोबा, वर्गात पहिले!" त्या म्हणाल्या. डॉक्टरांना एकोणचाळीस. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी म्हटलं, "टाळ्या नका वाजवू," आणि त्यांना वाटलं मी लाजतोय.

घरी ती इस्त्रीच करत होती. डोकं वर न करता तिनं विचारलं, "किती?"

"शेहेचाळीस."

"ते बरोबर आलं?"

"आलं."

तिनं डगला उलटला. बाही सरळ केली, पाणी शिंपडलं, इस्त्री फिरवली. सगळं नेहमीसारखं.

"एक मिनिट बावन्न," ती म्हणाली.

"काय?"

"त्यांचा सगळ्यात मोठा श्वास. घड्याळ माझ्या हातात होतं."

"पोरी, शिकवलं मी. तुला काय ठाऊक होतं?"

"तुम्हाला तरी काय ठाऊक होतं?"

हे तिनं मला सोडवण्यासाठी म्हटलं असतं तर बरं झालं असतं. तिनं ते नुसतं विचारलं, वजनं ठेवून माप बघावं तसं. मी म्हटलं, "पोटात पाणी नव्हतं. तेवढं ठाऊक होतं." ती मान हलवत राहिली. इस्त्री जागीच राहिली आणि कापडाचा करपल्याचा वास आला. एवढ्या वर्षांत तिनं पहिल्यांदा डगला जाळला. मी पुढं झालो तर म्हणाली, "हात लावू नका." मला की डगल्याला, ते मी विचारलं नाही.

जळका डगला बाजूला ठेवून म्हणाली, "का चिकटवलंत?"

"तू वाचू नयेस म्हणून."

"मग मला वाचायला येत नसतं तर तुम्ही आयुष्यभर गप्प राहिला असतात."

राहिलो असतो. तिला ते ठाऊकच होतं.

"भोंगाकाकांकडे जा," ती म्हणाली. अकरा वर्षांत तिनं त्याला काका म्हटलं नव्हतं. "थुंकले मी, माझं मी बघेन. तुम्ही जा आणि हे पान त्यांना वाचून दाखवा. सांगू नका. वाचून दाखवा."

"उद्या जातो."

"आज."

दुकान शोधायला वेळ लागला नाही. पत्र्याचं शेड, दारात उघडे पंप, आत एक मोटार धडधडत होती. भोंगा स्टुलावर बसून एका पंपाचा पट्टा ताणून बघत होता. केस सगळे गेलेले. त्यानं माझ्याकडे पाहिलं, आणि पुन्हा पट्ट्याकडे.

"बस म्हणणार नाहीस?" मी म्हटलं.

त्यानं पट्टा आणखी ताणला. मी उभ्या उभ्याच पुस्तक उघडलं आणि वाचायला लागलो. मोटारीच्या आवाजात मलाच माझा आवाज ऐकू येईना. नियम वाचला. कारण वाचलं. फुप्फुसं कशी फाटतात ते वाचलं, तोंडाला गुलाबी फेस येतो ते वाचलं. 'गुलाबी' या शब्दाला त्यानं हात लांब करून मोटार बंद केली.

"परत वाच."

त्याचा आवाज बारीक, घोगरा, न वापरलेल्या नळासारखा. मी परत वाचलं, पहिल्यापासून. एकेक अक्षर.

"त्याला श्वास धरायला मी सांगितलं होतं," मी म्हटलं. "इंजीन बंद पडूनही तो जिवंत वर आला असता. तुझ्यामुळं नाही गेला तो. माझ्यामुळं गेला."

भोंग्यानं हातातला पट्टा माझ्यापुढे धरला. कडेला चीर गेली होती. "त्या दिवशीचा पट्टा असाच होता," तो म्हणाला. "मला सकाळीच दिसली होती चीर. म्हटलं, आजच्या दिवस निघेल."

"तरी तो वाचला असता."

"पट्टा बदलला असता तर त्याला वर यावंच लागलं नसतं."

आम्ही दोघं समोरासमोर होतो आणि एकमेकांना देण्यासारखं आमच्याकडे काही नव्हतं. मी त्याच्या खांद्यावरून दोष काढून घ्यायला गेलो होतो आणि तो द्यायलाच तयार नव्हता. अकरा वर्षं त्यानं तो वागवला होता. आता कोणी येऊन म्हणतोय, हा तुझा नाही.

"माफ कर असं म्हणायला आलो नाही," मी म्हटलं.

"बरं केलंस."

मी जायला वळलो. तो म्हणाला, "पुस्तक ठेवून जा."

"तुला वाचता येतं?"

"नाही."

"मग काय करशील?"

"ठेवून जा," तो म्हणाला, आणि मोटार चालू केली.

मी ते पंपावर ठेवलं, बेचाळिसाव्या पानावर उघडं. रस्त्याला लागल्यावर मागं वळून पाहिलं. वाऱ्यानं पान उलटू नये म्हणून त्यानं चीर गेलेला पट्टा वर आडवा ठेवला होता.

एक तारखेला मी कार्ड दाखवून कामावर गेलो. मुकादमानं नवीन दोघांना माझ्यापुढं उभं केलं. "हा बोलेल ते ऐकायचं," तो त्यांना म्हणाला, "याच्याइतकं पाणी कोणाला कळत नाही."

"ऐकू नका," मी म्हटलं. "आधी तोंड उघडा. आ करा. मोठ्यानं."